खाण डोंगरावर, पाणी पायथ्याशी
(दगडखाणी, भूजल आणि ओढे-नाले यांच्या संरक्षणाच्या प्रश्नाचा आढावा)

प्रश्न कुठून आला

अहिल्यानगर शहरालगतच्या भिंगारच्या पूर्वेला आणि ईशान्येला जमीन हळूहळू चढत जाते. चांदबिबी महाल या नावाने ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर याच बाजूच्या डोंगरावर उभी आहे. सीना नदीच्या दोन मुख्य उगमांपैकी एक शहराच्या पश्चिमेला जामगावजवळ आहे, तर दुसरा ईशान्येला जेऊरजवळ. १४९० साली अहमद निजामशहाने भिंगारच्या परिसरात विजय मिळवला आणि नवे शहर वसवायला घेतले. त्या शहराला पाणी पुरवले ते या उंच भागानेच. भिंगार, कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा बाजूंनी खापरी नळ शहरात आणले गेले. वर धरलेले पाणी उताराने, कोणत्याही यंत्राशिवाय, हौदांपर्यंत पोहोचत असे.

शहराला दगडही याच मुलखाने दिला. किल्ल्याची तटबंदी, कबरी, मशिदी, वाडे आणि पुढे लष्करी छावणीच्या इमारती काळ्या पाषाणातून उभ्या राहिल्या. आज मागणी खडीची आणि मुरमाची आहे. कल्याणहून भिंगार, पाथर्डीमार्गे निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१, शहराभोवतीचा बाह्यवळण रस्ता, औद्योगिक वसाहत आणि वाढत्या वस्त्या यांना लागणारा माल दुरून आणणे परवडत नाही. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट खडी, आणि तिच्या भावात वाहतुकीचा वाटा मोठा असतो. त्यामुळे खाण शहराच्या जवळ हवी असते, आणि दगड उघडा सापडतो तो डोंगराच्या अंगावर.

जिल्ह्याच्या या भागात वर्षाला साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. शहराला मुळा धरणाचे पाणी मिळते, पण डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्यांना विहिरी, बोअर आणि पाझर तलावच आधार देतात. म्हणून प्रश्न असा उभा राहतो: ज्या डोंगरातून पाणी येते तोच डोंगर खणायचा असेल, तर खालच्या विहिरी आणि ओढे राखायचे कसे? जगभर या प्रश्नावर अर्धशतकाहून अधिक काळ काम झाले आहे. महाराष्ट्र-गोव्यात त्याचे कडू-गोड अनुभव आहेत. त्या सगळ्याचा हिशेब मांडून आज आपण कुठे उभे आहोत, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

डोंगरात पाणी राहते कुठे

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग दख्खनच्या बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसत गेले आणि त्यांतून हे डोंगर झाले. प्रत्येक थराचा खालचा भाग बहुधा घन असतो. तोच विहीर खोदणाऱ्यांचा काळा पाषाण. वरचा भाग सच्छिद्र असतो, त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधी तांबडा, गेरूसारखा पट्टा सापडतो. सगळ्यात वर झिजलेला खडक, म्हणजे मुरूम, आणि त्यावर मातीचा पातळ थर.

पाऊस मातीतून मुरमात आणि मुरमातून भेगांत उतरतो. खाली घन थर किंवा गेरूचा पट्टा आडवा आला की पाणी तिथे अडते आणि आडवे सरकत डोंगराच्या उताराला बाहेर पडते. झरे, ओढ्यांचा पावसाळ्यानंतरचा प्रवाह आणि पायथ्याच्या विहिरींना लागलेले पाझर यातूनच येतात. म्हणजे पायथ्याच्या विहिरीतले पाणी बरेचदा माथ्यावर मुरलेले असते.

हा साठा मुळातच लहान आहे. झिजलेल्या बेसाल्टमध्ये वापरता येण्याजोगे पाणी एकूण आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के, म्हणजे एका घनमीटर खडकात १० ते ३० लिटर. पावसातले किती पाणी मुरते याचे ठोकताळे भूजल अंदाज समितीने १९९७ साली घालून दिले. भेगाळ आणि सच्छिद्र बेसाल्टमध्ये सुमारे १३ टक्के, झिजलेल्या बेसाल्टमध्ये सुमारे ७ टक्के, आणि भेगा नसलेल्या घन खडकात जेमतेम १ टक्का. घन खडक उघडा पडल्यावर किती पाणी मुरायचे थांबते, हे या आकड्यांतून दिसते.

कोकण आणि गोव्याचा डोंगर वेगळा आहे. तिथे वर जांभा, आणि गोव्यात त्याखाली लोहखनिजाचे थर. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. गोवा विद्यापीठातील चाचडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांनी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली: भुसभुशीत लोहखनिजाचा थर स्वतःच पाणी धरून ठेवतो. तिथे खनिज काढणे म्हणजे पाण्याचे भांडारच उचलून नेणे. नगरच्या दगडखाणीत काढायचा असतो तो घन पाषाण, ज्यात पाणी जवळजवळ नसते. पण त्याच्यावरचे मुरूम आणि मांजऱ्या आधी बाजूला करावे लागतात, आणि पाणी असते ते त्यांतच. गोव्याचे निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत, आणि इथे सगळे निर्धोक आहे असेही म्हणता येत नाही, ते या फरकामुळे.

खाण पाण्यापर्यंत पोहोचते त्या चार वाटा

पहिली वाट मुरण्याची. माती, झाडोरा आणि मुरूम निघाला की पाऊस मुरण्याऐवजी वाहतो किंवा खड्ड्यात साठतो. साधा हिशेब करून पाहू. पाच हेक्टरच्या खाणीवर वर्षाला साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर एकूण पाणी होते पावणेतीन कोटी लिटर. त्यातले ७ ते १३ टक्के मुरत असेल, तर ते साधारण १९ ते ३६ लाख लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या मापाने हे शंभर ते पावणेदोनशे माणसांचे वर्षभराचे पाणी आहे. एका वाडीच्या दृष्टीने हा आकडा मोठा आहे. मात्र एक हेक्टर उसाला वर्षाला दीड-दोन कोटी लिटर पाणी लागते, त्याच्या तुलनेत तो लहान आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि पुढे येणारा बराचसा वाद यातली एकच बाजू धरल्याने होतो.

दुसरी वाट गाळाची. खाणीतून निघालेली निरुपयोगी माती, क्रशरची भुकटी आणि रस्त्यावरची धूळ पहिल्या जोरदार पावसात ओढ्यात उतरते. ओढ्याचे पात्र भरते, बंधारे आणि पाझर तलाव गाळाने उथळ होतात. बारीक भुकटी तळावर बसली की तलावातून पाणी पाझरण्याची गतीही मंदावते. म्हणजे ओढ्याचे नुकसान शेवटी विहिरीपर्यंत पोहोचते.

तिसरी वाट उपशाची. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की पाणी त्यात येऊ लागते. काम चालू ठेवायचे तर पंप लावावे लागतात. पंप चालला की आसपासची पातळी खड्ड्याकडे झुकते आणि जवळच्या विहिरींचे पाणी खाली जाते.

चौथी वाट पाण्याच्या गुणवत्तेची. कोळसा, तांबे, सोने यांच्या खाणींत गंधकयुक्त खनिजे हवेच्या आणि पाण्याच्या संपर्कात येऊन आम्ल बनते. स्पेनमधली रिओ टिंटो नदी हजारो वर्षांच्या खाणकामाने आजही लाल आणि आम्लधर्मी वाहते. बेसाल्टच्या खाणीत हा धोका जवळजवळ नसतो. इथे भीती असते ती सुरुंगाच्या दारूतून उरणाऱ्या नायट्रेटची आणि यंत्रांच्या डिझेल-ऑइलची. पण नायट्रेट खतांतून आणि सांडपाण्यातूनही येतो, त्यामुळे विहिरीत सापडलेला नायट्रेट कुणाचा, हे वेगळे काढणे अवघड असते.

गोव्याचा दाखला

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत मोठा अनुभव गोव्याच्या गाठीशी आहे. पोर्तुगीज काळात दिलेल्या खाण-सवलती १९८७ च्या कायद्याने भाडेपट्ट्यांत बदलल्या. २००० नंतर चीनची मागणी वाढली आणि २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात झाले. एक टन खनिजासाठी साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागत होते. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत मातीच्या टेकड्या उभ्या राहिल्या, आणि तीन हजार मिलिमीटर पावसात त्यांची माती शेतांत, ओढ्यांत आणि नद्यांत आली. काही खाणींचे तळ समुद्रसपाटीखाली गेले. डिचोली तालुक्यातल्या शिरगावमध्ये विहिरी आटल्याची तक्रार मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेली आणि नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेकडून अभ्यास करून घेतला गेला.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. एम. बी. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये आला आणि गोव्यातले खाणकाम थांबले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतला दहावा हिस्सा कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. डिसेंबर २०२२ पासून लिलावाच्या मार्गाने नवे पट्टे दिले जाऊ लागले.

पाण्याच्या दृष्टीने गोव्याने तीन गोष्टी शिकवल्या. एक, उपसा आणि गाळ यांचा परिणाम खाणीच्या हद्दीत थांबत नाही, तो पूर्ण पाणलोटात पसरतो. दोन, खाण बंद झाली म्हणजे पाणी आपोआप पूर्वीसारखे होत नाही. मातीचे ढीग आणि खड्डे तसेच उरतात, त्यांची जबाबदारी कुणावर तरी टाकावी लागते. तीन, खड्ड्यात साठलेले पाणी उपयोगी पडू शकते. टंचाईच्या दिवसांत बंद खाणींतले पाणी नदीत सोडून पाणीपुरवठ्याला आधार देण्याचा मार्ग गोव्याच्या प्रशासनाने वापरला आहे. या तिसऱ्या मुद्द्यावर मतभेद आहेत. काहींना ती सोय वाटते, तर काहींच्या मते जे पाणी डोंगरात आपोआप साठत होते ते आता पंपाने उचलावे लागते.

कळणे आणि पश्चिम घाटाचे अहवाल

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात कळणे गावी जुलै २०२१ मध्ये खाणीच्या खड्ड्यात साठलेल्या पाण्याने कड फोडली. लाल चिखल घरांत आणि बागायतींत शिरला. जगात याहून भयंकर घटना घडल्या आहेत. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथे २५ जानेवारी २०१९ रोजी खाणगाळाचे धरण फुटून २७० जणांचा जीव गेला. कळणेचे प्रमाण त्या मानाने लहान, पण धडा एकच: खाणीतले साठलेले पाणी हा स्वतंत्र धोका आहे, आणि त्याची रचना धरणाइतक्या काळजीने व्हायला हवी.

धोरणाच्या पातळीवर, पश्चिम घाटाबद्दल प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. सर्वाधिक संवेदनशील क्षेत्रांत नव्या खाणींना परवानगी नको आणि चालू खाणी टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात, असे तिने सुचवले. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ मध्ये संरक्षित क्षेत्र कमी केले, पण त्या क्षेत्रात खाण, दगडखाण आणि वाळूउपसा बंद करण्याची शिफारस कायम ठेवली. त्यावर केंद्राच्या मसुदा अधिसूचना एकामागून एक निघाल्या. ३१ जुलै २०२४ ची सहावी होती. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याचे निर्देश दिले.

या सगळ्या चर्चेत अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका येतो, कारण तो सह्याद्रीच्या कुशीत आहे. भिंगार, जेऊर, पाथर्डीकडचे डोंगर येत नाहीत. जंगल आणि जैवविविधता या निकषांवर ते बसतही नसतील. पण पाण्याच्या निकषावर कमी पावसाचा डोंगर अधिक नाजूक ठरतो, कारण तिथे मुरणारा प्रत्येक टक्का मोलाचा असतो. पर्जन्यछायेतल्या डोंगरांचा असा स्वतंत्र विचार अजून कोणत्याही मोठ्या समितीने केलेला दिसत नाही, ही या क्षेत्रातली ठळक उणीव आहे.

कायदा काय पाहतो

दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजे. त्यांचे नियम राज्याचे. महाराष्ट्रात २०१३ चे गौण खनिज नियम लागू आहेत. आधी पाच हेक्टरखालच्या खाणींना पर्यावरण परवानगी लागत नसे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती लहान खाणींनाही आवश्यक केली. जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने लहान खाणींचा निर्णय जिल्हा पातळीवर दिला आणि जवळजवळच्या खाणींचा समूह म्हणून विचार करण्याची पद्धत आणली. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जिल्हा पातळीवरच्या ढिल्या छाननीला हरकत घेतली. समूहाची कल्पना पाण्यासाठी महत्त्वाची आहे. एकेका खाणीचा परिणाम थोडा असतो, पण एकाच ओढ्याच्या वर दहा खाणी असतील तर त्यांची बेरीज व्हायलाच हवी.

भूजलाचा कायदा वेगळ्या दिशेने पाहतो. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणला. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अंमलात आला. त्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर नियंत्रण आणले, पाणलोट समित्यांची कल्पना मांडली आणि महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला राज्य भूजल प्राधिकरणाचे काम दिले. हे नियम मुख्यतः पाणी काढण्यासाठी खोदलेल्या खड्ड्याचे आहेत. दगड काढण्यासाठी खोदलेल्या खड्ड्याचा विचार महसूल आणि पर्यावरण खात्यांच्या कागदांत होतो. तहसीलदार कार्यालय ब्रास मोजते, रॉयल्टी पाहते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा विहिरींची पातळी मोजते. दोन्ही नोंदी एका टेबलावर क्वचितच येतात.

चर्चेतल्या बाजू

खाणधारक आणि बांधकाम क्षेत्राची बाजू अशी: खडीशिवाय रस्ता, शाळा, घरकुल, पाण्याची टाकी काहीच होत नाही. आम्ही काढतो तो घन दगड कोरडा असतो. बहुतेक खाणी भूजल पातळीच्या बऱ्याच वर आहेत. पातळी खाली गेली ती बोअर आणि बागायतीमुळे. वरचा उसाचा हिशेब या युक्तिवादाला बळ देतो. जवळची खाण बंद केली तर माल दुरून येईल, रस्ते खराब होतील, भाव वाढेल आणि चोरटी उचल वाढेल, हेही ते सांगतात. खाणींवर आणि क्रशरवर शेकडो कुटुंबांचे पोट आहे, हा मुद्दा कोणत्याही आढाव्यात दुय्यम ठरवता येत नाही.

पायथ्याच्या शेतकऱ्यांची आणि गावकऱ्यांची बाजू अनुभवावर उभी आहे. पूर्वी होळीपर्यंत टिकणारे पाणी आता संक्रांतीनंतर दिसत नाही, सुरुंगानंतर विहिरीचा पाझर हलला, ओढ्यात भुकटी आली, पिकांवर धूळ बसली, अशा त्यांच्या तक्रारी असतात. त्यांना सरासरीशी देणेघेणे नसते. तालुक्याच्या एकूण भूजलात एका खाणीचा वाटा नगण्य असला, तरी ज्या विहिरीचा पाझर नेमका त्या माथ्यावरून येतो तिच्यासाठी तो वाटा सगळा असतो. बेसाल्टमधले पाणी ठरावीक थरांतून आणि भेगांतून चालते, त्यामुळे हे शास्त्रालाही मान्य होण्यासारखे आहे.

भूजलतज्ज्ञ दोन्ही बाजूंना सावध करतात. सुरुंगाच्या हादऱ्याने भेगा रुंदावून पाणी वाढल्याचेही अनुभव आहेत आणि पाझर तुटल्याचेही. ते अंतर, दारूचे प्रमाण आणि खडकाची जात यांवर ठरते. पाऊस, उपसा आणि खाण या तिन्हींचा परिणाम वेगळा काढायचा तर खाणीपूर्वीच्या नोंदी लागतात, असे ते सांगतात. पुण्यातील ‘अ‍ॅक्वाडॅम’सारख्या संस्थांनी झरे आणि जलधर (पाणी धरणारे खडकाचे थर) यांचे नकाशे गावपातळीवर काढता येतात, हे दाखवून दिले आहे.

पर्यावरण कार्यकर्त्यांची मागणी अधिक ठाम आहे. डोंगरमाथे आणि झऱ्यांच्या वरचे उतार खाणींना पूर्ण बंद असावेत, आणि नुकसान सिद्ध करण्याचा भार गावकऱ्यावर न ठेवता खाणधारकावर ठेवावा. प्रशासनाची अडचण मनुष्यबळाची आहे. मोजणी, तपासणी, परवाना, दंड हे सगळे मोजक्या कर्मचाऱ्यांवर येते.

हाताशी असलेले उपाय

बरेचसे तांत्रिक उपाय जुने आणि सिद्ध आहेत. खाणीच्या वरच्या अंगाला वळणचर खणून डोंगरावरचे स्वच्छ पाणी खाणीला वळसा घालून ओढ्यात नेणे. खाणीतले गढूळ पाणी गाळकुंडात थांबवून, निवळल्यावरच सोडणे. वरची माती वेगळी राखून ठेवणे आणि काम संपल्यावर परत पसरणे. टाकाऊ मातीच्या ढिगाच्या पायथ्याला दगडी बांध घालणे आणि त्यावर गवत-झाडे वाढवणे. पायऱ्या ठेवत खणणे. खड्ड्याचा तळ भूजलाच्या पावसाळी पातळीच्या वर थांबवणे. ओढा, झरा आणि पिण्याच्या विहिरीपासून मोकळा पट्टा सोडणे.

काम संपलेल्या खड्ड्याचा उपयोगही होऊ शकतो. तळ भेगाळ असेल तर तो पाझर तलावासारखा काम करतो. तळ घन असेल तर नुसता साठा होतो. मात्र कुंपण आणि उतरायचा सुरक्षित मार्ग नसेल तर असा खड्डा जीवघेणा ठरतो. खाणीच्या पाण्यात मुले बुडाल्याच्या बातम्या राज्यात दर उन्हाळ्यात येतात. तिथे कचरा टाकला गेला तर त्याची घाण भूजलात उतरू शकते.

भार कुणावर, या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेत मिळते. तिथल्या १९७७ च्या केंद्रीय कायद्याने कोळसा खाणीसाठी अर्ज करतानाच पाण्यावरच्या संभाव्य परिणामांचा अहवाल द्यावा लागतो आणि बाधित विहिरीला पर्यायी पाणी पुरवावे लागते. पेनसिल्व्हेनिया राज्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. उघड्या खाणीपासून हजार फुटांच्या आतली विहीर बिघडली तर जबाबदारी खाणधारकाचीच, असे गृहीत धरले जाते. ती टाळायची तर खाण सुरू होण्यापूर्वीचे मोजमाप त्याने दाखवायचे. या एका तरतुदीमुळे आधी मोजणे खाणधारकाच्याच हिताचे झाले.

आणि मोजण्याचा धडा घेण्यासाठी भिंगारकरांना परदेशी जायची गरज नाही. त्याच नगर तालुक्यात हिवरे बाजारने पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला, सिंचनाच्या बोअरवर बंदी घातली आणि ताळेबंदानुसार पिके ठरवली. शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीने पाणलोटाचे काम उभे केले. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत ‘वॉटर’ संस्थेने पाणलोट प्रशिक्षणाचे केंद्र उभारले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाण्याचा विचार करण्याची परंपरा या जिल्ह्याचीच आहे. ती अजून खाणींपर्यंत पोहोचलेली नाही, इतकेच.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न मोजमापाच्या जाळ्याचा. भूजल यंत्रणेच्या राज्यभर सुमारे चार हजार निरीक्षण विहिरी आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चारदा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत, नोंदवली जाते. राज्याच्या क्षेत्रफळाने भागले तर एका विहिरीच्या वाट्याला ७५ ते ८० चौरस किलोमीटर येतात. पाणलोटाचा कल कळण्यासाठी हे ठीक आहे. पाच हेक्टरच्या खाणीचा परिणाम या जाळ्यातून सुटून जातो.

दुसरा प्रश्न अंतराचा. खाण झऱ्यापासून किती दूर असावी, याचे एकच उत्तर बेसाल्टमध्ये देता येत नाही. थर कोणत्या बाजूला कलला आहे, भेगांची दिशा कोणती, यावर ते ठरते. एकसारखा नियम राबवायला सोपा, पण कुठे अपुरा तर कुठे जाचक. जागेनुसार नियम अचूक, पण त्यासाठी प्रत्येक डोंगराचा अभ्यास हवा.

तिसरा प्रश्न बेरजेचा. समूह म्हणून विचार कागदावर आला, पण तो खाणींमधल्या अंतरावरून ठरतो, पाणलोटाच्या सीमेवरून नाही. एकाच ओढ्याच्या दोन काठांवरच्या खाणी वेगळ्या समूहांत जाऊ शकतात.

चौथा प्रश्न पैशाचा. खाण आणि खनिज कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली आणि पिण्याचे पाणी हा त्यांच्या निधीचा अग्रक्रमाचा विषय ठरला. निधी साधारणतः नुकसान झाल्यावरच्या कामांकडे, टाक्या आणि पाइपलाइनींकडे जातो. नुकसान होण्याआधीच्या मोजणीसाठी तो किती वापरावा, यावर अजून सहमती नाही.

पाचवा प्रश्न बंद खाणींचा. पट्टा संपला, धारक गेला, खड्डा उरला. त्याची मालकी, सुरक्षितता आणि त्यातल्या पाण्याचा हक्क कुणाचा, हे बहुतेक ठिकाणी लोंबकळत राहते.

आज कुठे उभे आहोत

एवढे पाहिल्यावर काही गोष्टी ठामपणे म्हणता येतात. डोंगरावरची खाण पाण्यावर परिणाम करते, पण किती आणि कुठे, हे खडकाच्या रचनेवर आणि खाणीच्या खोलीवर अवलंबून असते. भूजल पातळीच्या वर, माती राखून, पाणी वळवून चाललेली खाण आणि झऱ्याच्या माथ्यावर मुरूम ओरबाडणारी खाण यांना एकच नियम लावणे चूक आहे. गाळ रोखण्याचे उपाय माहीत आहेत आणि परवडणारे आहेत. उपशाचा परिणाम गोव्यात स्पष्ट दिसला आहे. बेसाल्टच्या डोंगरांत तो किती होतो, याचे पुरावे विखुरलेले आहेत.

दोन्ही बाजू एकमेकींना पुरावा मागतात आणि पुरावा कुणाकडेच नसतो, म्हणून हा वाद पुढे सरकत नाही. तो पुरावा खाण सुरू झाल्यावर तयार करता येत नाही. म्हणून माझ्या मते पहिले पाऊल हेच असले पाहिजे: नव्या खाणपट्ट्याआधी निदान एक पूर्ण वर्ष आसपासच्या विहिरी, झरे आणि ओढे मोजले जावेत, ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, आणि खर्च खनिज निधीतून व्हावा. चालू खाणींच्या भोवती प्रत्येक बाजूला एक तरी निरीक्षण विहीर असावी. ज्याच्याकडे आधीची नोंद नाही त्याच्यावर जबाबदारी, हा पेनसिल्व्हेनियाचा नियम आपल्या गौण खनिज नियमांत आणण्याचा विचार व्हावा.

भिंगारच्या आसपासच्या ग्रामपंचायतींनी सरकारची वाट पाहू नये. दोरी, टेप आणि वही एवढ्यावर विहिरीची पातळी मोजता येते. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या चार महिन्यांत, भूजल यंत्रणेच्याच वेळापत्रकाने, डोंगराखालच्या दहा-बारा विहिरींची नोंद शाळेतली मुले आणि ग्रामसेवक मिळून ठेवू शकतात. तीन वर्षांच्या अशा नोंदी पुढच्या कोणत्याही जनसुनावणीत, कोणत्याही न्यायालयात आणि खाणधारकाशी होणाऱ्या कोणत्याही वाटाघाटीत उपयोगी पडतील. येत्या ऑक्टोबरपासून सुरुवात करावी.